चित्रकलेचे पहिले शब्द: एका पितळी तांब्याच्या आधारे

महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसलेल्या प्रत्येकाच्या कानावर वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द पडलेले असतात. रेषा, आकार, छटा, पोत, तोल, लय हे शब्दही त्याच वर्गात ऐकलेले असतात. तरीही पुढे कधी कलादालनात एखाद्या चित्रासमोर उभे राहण्याची वेळ आली की यांतला एकही शब्द मदतीला येत नाही आणि ‘छान आहे’ यापलीकडे बोलणे जात नाही. माझ्या मते याचे कारण शिकण्याच्या क्रमात आहे. हे शब्द आपण व्याख्यांतून पाठ केलेले असतात. प्रत्यक्षात ती नजरेने ओळखलेल्या फरकांची नावे आहेत, आणि जो फरक डोळ्यांनी पाहिला नाही व पेन्सिलीने कागदावर उतरवून तपासला नाही, त्याचे नाव लक्षात राहिले तरी उपयोगाचे ठरत नाही. म्हणून या लेखात एकच साधी मांडणी घेऊन तिच्यावर एकेक शब्द शिकावा, असा क्रम सुचवला आहे. चित्र काढण्याचा सराव नसलेल्या प्रौढ वाचकालाही तो घरी करता येईल.

मांडणी आणि साहित्य

एक पितळी तांब्या, एक मध्यम आकाराचा बटाटा आणि एक पांढरा सुती पंचा एवढे पुरेसे आहे. टेबल खिडकीजवळ असे ठेवावे की उजेड एकाच बाजूने, शक्यतो डावीकडून येईल. खोलीतला दिवा बंद ठेवावा, कारण दोन दिशांनी उजेड आला की प्रत्येक वस्तूला दोन सावल्या पडतात आणि नवशिक्याचा गोंधळ होतो. पंचा टेबलावर पसरून त्याला मागच्या बाजूला एक-दोन सैल चुण्या पडू द्याव्यात, त्यावर तांब्या ठेवावा आणि तांब्याच्या थोडा पुढे, उजव्या बाजूला बटाटा ठेवावा. थेट ऊन येत असेल तर सावल्या भराभर सरकतात, म्हणून उत्तरेकडची खिडकी सर्वांत सोयीची.

पेन्सिली एचबी, २बी, ४बी आणि ६बी अशा चार घ्याव्यात. बी पुढचा आकडा वाढेल तशी पेन्सिल मऊ होत जाते आणि तिचा काळेपणा वाढतो. कागद साधा ड्रॉइंग पेपर किंवा कार्ट्रिज चालेल. पूर्ण इंपिरिअल कागद सुमारे २२ × ३० इंचांचा असतो आणि त्याचा चौथा भाग, म्हणजे ११ × १५ इंच, या अभ्यासाला योग्य आहे. कागद बोर्डाला क्लिपने लावून बोर्ड मांडीवर तिरका धरावा. सपाट टेबलावर कागद ठेवून काढल्यास वरचा भाग डोळ्यापासून लांब जातो आणि चित्र नकळत लांबुळके होते.

रेषा

निसर्गात रेषा जवळपास नसतेच. तांब्याच्या भोवती कोणी काळी रेघ ओढलेली नाही; पितळ संपते आणि मागचा पंचा सुरू होतो, एवढेच आपल्याला दिसते. रेषा म्हणजे ही सीमा दाखवण्यासाठी माणसाने शोधलेले साधन, आणि म्हणूनच ती कशी ओढली यावर काढणाऱ्याची छाप उमटते. पहिला सराव असा करावा: पेन्सिल कागदावर टेकवून नजर तांब्याच्या काठावर ठेवावी आणि कागदाकडे न पाहता, नजर जितक्या सावकाश गळ्यावरून पोटाकडे व पोटावरून बुडाकडे उतरेल तितक्याच सावकाश हात चालवावा. चित्र वेडेवाकडे येईल. ते तसेच यावे. या सरावाचा हेतू डोळा आणि हात एका गतीने चालावेत हा आहे.

त्यानंतर कागदाकडे पाहून काढताना रेषेचे वजन बदलून पाहावे. उजेडाच्या बाजूची बाह्यरेषा एचबीने हलकी आणि सावलीच्या बाजूची, विशेषतः बूड पंचाला टेकते तिथली, ४बीने जाड काढली की अजून एकही छटा न भरता तांब्याला जडपणा येतो. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत, उदाहरणार्थ 1 क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणीच्या भुवईत आणि बोटांत, ही बदलती रेषा मोठ्या अधिकाराने वापरलेली दिसते. याच्या उलट टोकाला वारली चित्रे आहेत. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने ही चित्रे काढली जात. त्यांतल्या रेषेची जाडी फारशी बदलत नाही. तिथे सारे काम रेषेची दिशा करते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की धड तयार होते आणि त्यांचा कल थोडा बदलला की तेच धड नाचू लागते. पद्मश्री जिव्या सोमा म्हसे यांनी ही भिंतीवरची कला कागदावर आणि कापडावर आणून जगभर पोहोचवली. त्यांची माणसे पाहताना चेहरा नसूनही कोण चालत आहे, कोण ओझे उचलत आहे, हे क्षणात कळते.

आकार, रिक्त आकार आणि प्रमाण

रेषा स्वतःशी जुळून बंद झाली की आकार तयार होतो. त्याला लांबी आणि रुंदी असते. त्याला खोलीही आहे असे भासू लागले की त्याला घनाकार म्हणतात. वर्तुळ हा आकार आहे आणि चेंडू हा घनाकार. वस्तू काढताना आधी तिचा सगळ्यांत मोठा, साधा आकार पाहावा: तांब्याचे पोट म्हणजे थोडा दबलेला गोल, गळा म्हणजे आखूड नळकांडे, काठ म्हणजे बाहेर झुकलेली चकती. काठावरची नक्षी किंवा पोटावरचा पोचा अगदी शेवटी. सुरुवातीलाच बारकाव्यात शिरणारा विद्यार्थी तासाभराने पाहतो तो सुंदर नक्षी चुकीच्या जागी बसलेली असते.

रिक्त आकार हा शब्द शाळेत फारसा शिकवला जात नाही, पण मला तो सर्वांत उपयोगी वाटतो. तांब्या आणि बटाटा यांच्यामध्ये जी मोकळी फट दिसते तिलाही एक आकार आहे. तांब्याविषयी आपल्या डोक्यात आधीच एक चित्र बसलेले असते आणि हात नकळत ते गिरवू लागतो. त्या फटीविषयी मात्र डोक्यात काहीच नसते, त्यामुळे ती आपण खरोखर पाहून काढतो. एक पूर्ण कागद केवळ रिक्त आकारांना द्यावा: वस्तू कोऱ्या सोडाव्यात आणि भोवतालची जागा तेवढी पेन्सिलीने भरावी. वस्तू आपोआप अचूक उमटतात.

प्रमाण म्हणजे एका भागाचे दुसऱ्या भागाशी असलेले मोजमापाचे नाते. ते अंदाजाने न ठरवता मोजावे. हात कोपरात न वाकवता पूर्ण लांब करावा, पेन्सिल उभी धरावी, एक डोळा मिटावा, पेन्सिलीचे टोक तांब्याच्या काठाशी जुळवावे आणि अंगठ्याचे नख बुडाशी आणून ठेवावे. हे झाले उंचीचे माप. आता पेन्सिल आडवी करून हे माप पोटाच्या रुंदीशी ताडून पाहावे. रुंदी उंचीएवढीच आहे की कमी, गळ्याची रुंदी पोटात किती वेळा बसते, बटाट्याची उंची तांब्याच्या कितव्या हिश्शाएवढी आहे, हे सगळे असेच काढता येते. कोपर एकदा जरी वाकला तरी आधीची सारी मापे वाया जातात, एवढेच पथ्य पाळावे लागते.

लंबवर्तुळ आणि यथार्थदर्शन

तांब्याचे तोंड गोल आहे हे आपल्याला माहीत आहे, पण बसलेल्या जागेवरून ते गोल दिसत नाही. ते दबलेले, म्हणजे लंबवर्तुळाकार दिसते. या लंबवर्तुळापाशी नवशिक्याच्या तीन चुका हमखास होतात. दोन्ही टोकांना ते डोळ्याच्या कोपऱ्यासारखे अणकुचीदार काढले जाते, वास्तविक ती टोके लहान का असेनात, वळणदारच असतात. दुसरी चूक बुडाची: तांब्या टेबलावर सपाट बसला आहे हे ठाऊक असल्याने बूड सरळ रेघेने काढले जाते. तिसरी चूक सूक्ष्म आहे. बसून पाहताना काठ डोळ्याच्या पातळीच्या थोडा खाली आणि बूड त्याहून बरेच खाली असते; वर्तुळ डोळ्याच्या पातळीपासून जितके खाली जाईल तितके ते अधिक उघडे दिसते, म्हणून बुडाचे वळण काठाच्या वळणापेक्षा अधिक गोलसर हवे.

हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर तांब्या हातात धरून सावकाश वर न्यावा. तोंड डोळ्याच्या बरोबर समोर आले की लंबवर्तुळ मिटून एक आडवी रेघ उरते. आणखी वर नेला की तोंडाचा आतला भाग दिसेनासा होतो आणि काठाची रेषा वरच्या बाजूला कमान करते. डोळ्याच्या या पातळीलाच चित्रात क्षितिजरेषा म्हणतात. समुद्रकिनारी ती उघड दिसते, खोलीत ती भिंतींमागे लपलेली असते, पण असते नक्की. टेबलाच्या दोन्ही बाजूच्या कडा समांतर असूनही दूर जाताना एकमेकींकडे झुकतात आणि वाढवत नेल्यास क्षितिजरेषेवर एका बिंदूत मिळतात; हा लोपबिंदू. या नियमांवर आधारलेली पद्धत म्हणजे यथार्थदर्शन. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये वास्तुविशारद ब्रुनेलेस्की यांनी प्रयोग करून ती दाखवली आणि अल्बर्टी यांनी 1435 मध्ये ती लिहून काढली.

मात्र यथार्थदर्शन हा चित्रकलेचा सार्वत्रिक कायदा आहे असे मानू नये. आपल्याकडच्या लघुचित्रांत गालिचा वरून पाहिल्यासारखा पूर्ण उलगडलेला असतो आणि त्यावर बसलेली माणसे बाजूने पाहिल्यासारखी असतात. वारली चित्रात तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा नाच वरून पाहिल्यासारखा वळसे घेतो, पण नाचणारे समोरून दिसतात. चित्रकाराला प्रत्येक गोष्ट तिच्या सर्वांत ओळखू येणाऱ्या बाजूने दाखवायची आहे, आणि त्या हेतूला एकच जागा धरून बसलेला डोळा पुरेसा नाही.

छटा: इथे सर्वाधिक वेळ द्यावा

छटा म्हणजे उजळपणा-गडदपणाची पातळी, मग रंग कोणताही असो. नवशिके रंगाकडे फार लवकर धावतात. चित्र फसले की त्यांना वाटते की रंग चुकला. दहापैकी नऊ वेळा चुकलेली असते ती छटा. एखाद्या चित्राचे कृष्णधवल छायाचित्र काढावे: छटा बरोबर असतील तर रंग गेल्यावरही सगळे ओळखू येते, आणि छटा चुकल्या असतील तर सारे एका करड्या थरात मिसळते.

आधी छटापट्टी तयार करावी. एका ओळीत पाच चौकोन आखावेत. पहिला कोरा, पाचवा ६बीने जमेल तितका काळा, आणि मधले तीन असे भरावेत की प्रत्येक पायरीचे अंतर सारखे वाटेल. भरताना एकाच दिशेच्या तिरप्या रेषा जवळजवळ ओढाव्यात आणि गडदपणा हवा असेल तर त्यावर दुसऱ्या दिशेच्या रेषांचा थर द्यावा. बोटाने घासून गुळगुळीत करण्याचा मोह टाळावा. त्याने सगळ्या छटा एकमेकींत मिसळून मळकट होतात आणि पृष्ठभागाची दिशाही पुसली जाते.

आता तांब्या तूर्त बाजूला सारून फक्त बटाट्याकडे पाहावे. तो चकाकत नाही, म्हणून छायाप्रकाशाचा अभ्यास त्याच्यावर सोपा जातो. डोळे किलकिले करावेत. बारकावे विरघळतात आणि उजेडाचा प्रदेश व सावलीचा प्रदेश असे दोनच भाग उरतात. त्यांच्यामधली सीमा आधी हलक्या रेषेने काढून घ्यावी. मग डोळे उघडून प्रत्येक भागात शिरावे. उजेडाच्या प्रदेशात थेट प्रकाश पडलेला उजळ भाग आहे आणि पृष्ठभाग प्रकाशापासून वळू लागतो तशी येणारी मध्यछटा आहे. सीमा ओलांडली की सर्वांत गडद पट्टा येतो; याला गाभ्याची छाया म्हणावे. तो बटाट्याच्या अगदी कडेला नसतो, कडेच्या थोडा आत असतो, आणि हे ज्याच्या लक्षात आले त्याचा बटाटा कागदावर गोल होतो. कडेला छाया पुन्हा किंचित उजळते, कारण पांढऱ्या पंचावर पडलेला उजेड उसळून बटाट्याच्या खालच्या अंगाला लागतो. हा परावर्तित प्रकाश. तो डोळ्याला आकर्षक वाटतो म्हणून जास्त उजळ काढला जातो. पण तो सावलीतच मोडतो आणि उजेडातल्या मध्यछटेपेक्षा कधीच उजळ नसावा. शेवटी पंचावर पडलेली पडछाया: बटाट्याला चिकटून ती सर्वांत गडद व काटेकोर असते आणि लांब जाईल तशी फिकी व मऊ होते.

हे जमल्यावर तांब्या परत आणावा. घासलेल्या पितळेवर बटाट्याचे सगळे नियम ढळतात. खिडकीचा लख्ख पांढरा तुकडा पोटावर वाकून दिसतो, त्याला लागूनच कोणत्याही मध्यछटेवाचून गडद तपकिरी पट्टा येतो, खाली पंचाची पांढुरकी झळाळी आणि तिच्यात बटाट्याचे ताणलेले प्रतिबिंब असते. धातू म्हणजे मुख्यतः भोवतालचे वाकलेले चित्र, असे धरून प्रत्येक तुकड्याचा आकार आणि छटा जशी दिसते तशी नोंदवत जावी. ‘चमक’ काढायला जाऊ नये. चमक दिसते ती सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद छटा एकमेकींना भिडल्यामुळे.

पंचा हा या मांडणीतला सर्वांत मोठा शिक्षक आहे. तो पांढरा आहे म्हणून आपण तो कोरा ठेवतो. प्रत्यक्षात चुणीच्या आतला, सावलीतला पांढरा हा पितळेवरच्या उजेडापेक्षा कितीतरी गडद असतो. छटापट्टी हातात धरून दोन्हींची तुलना करावी. वस्तूची स्वतःची छटा आणि तिच्यावर पडलेल्या उजेडाची छटा यांची फारकत करता येणे हा चित्रकलेतला खरा पहिला टप्पा आहे, आणि तो ओलांडायला घाई करू नये.

याच ओघात कडा हा शब्द शिकून घ्यावा. तांब्याची उजळ बाजू गडद पार्श्वभूमीवर येते तिथे कडा ठळक. पंचाच्या चुणीत ती मऊ. आणि तांब्याची सावलीची बाजू जिथे मागच्या सावलीत मिसळते तिथे ती हरवलेली. सगळ्या कडा सारख्याच ठळक ठेवल्या की वस्तू कात्रीने कापून चिकटवल्यासारख्या दिसतात.

छायाप्रकाशाचे सामर्थ्य पाहायचे असेल तर सावंतवाडीत जन्मलेल्या सा. ल. हळदणकर यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र पाहावे. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. हातात दिवा घेऊन उभी असलेली तरुणी दुसऱ्या हाताने ज्योत झाकते आहे. बोटांच्या कडांतून लालसर उजेड झिरपतो, चेहऱ्याला खालून प्रकाश लागतो आणि मागच्या भिंतीवर तिची सावली पडते. हे जलरंगातले काम आहे, आणि जलरंगात झालेली चूक सहजासहजी झाकता येत नाही. उजेडासाठी जो भाग हलका ठेवायचा, तो सुरुवातीपासून राखूनच ठेवावा लागतो.

रंग

प्रत्येक रंगाविषयी तीन प्रश्न विचारावेत. तो कोणत्या कुळातला: लाल, पिवळा, हिरवा? तो किती उजळ किंवा गडद? आणि तो किती तीव्र किंवा मंद? हळद आणि येलो ऑकर दोन्ही पिवळ्या कुळातले, पण हळद तीव्र आणि ऑकर मंद. या तीन प्रश्नांची उत्तरे देता आली की ‘तसला जरा वेगळा पिवळा’ असे म्हणण्याची गरज उरत नाही.

लाल, पिवळा, निळा हे मुख्य रंग. त्यांच्या जोड्यांतून नारिंगी, हिरवा, जांभळा हे दुय्यम रंग, हे सर्वांना माहीत असते. मात्र पेटीतल्या रंगांवर हा नियम जसाच्या तसा चालत नाही, आणि याबाबत शिक्षकही फारसे बोलत नाहीत. व्हर्मिलियन आणि अल्ट्रामरीन मिसळले तर सुंदर जांभळा न येता मळकट तपकिरी येतो, कारण व्हर्मिलियन लाल असूनही पिवळ्याकडे झुकलेला आहे आणि मिश्रणात तिन्ही मुख्य रंग शिरतात. जांभळ्यासाठी क्रिमसन घ्यावा. तसेच झळझळीत हिरव्यासाठी लेमन येलोबरोबर प्रशियन ब्लू घ्यावा. अल्ट्रामरीनने मंद, शेवाळी हिरवा मिळतो. दोन लाल, दोन पिवळे आणि दोन निळे घेऊन सगळ्या जोड्यांचा एक तक्ता करून ठेवावा व प्रत्येक चौकोनाखाली रंगांची नावे लिहावीत.

रंगचक्रात एकमेकांसमोर येणाऱ्या रंगांना विरोधी रंग म्हणतात: लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा. शेजारी ठेवले की ते एकमेकांना उठाव देतात आणि मिसळले की एकमेकांची तीव्रता मारतात. सावली काळ्या रंगाने न करता विरोधी रंगाने करावी असे सांगतात ते यामुळेच. तांब्याच्या सावलीसाठी येलो ऑकर आणि बर्न्ट सिएना यांत किंचित अल्ट्रामरीन घातला की पितळेचा खोल, जिवंत तपकिरी मिळतो. काळा घातला तर लोखंड वाटू लागते. खिडकीतून आकाशाचा उजेड येत असेल तर पंचाच्या सावल्या निळसर दिसतील आणि त्या पितळेच्या उबदार रंगाशेजारी अधिकच निळ्या भासतील. लाल-नारिंगी-पिवळ्या कुळाला उष्ण आणि निळ्या-हिरव्या कुळाला शीत म्हणतात. सर्वसाधारणपणे उष्ण रंग पुढे येतात आणि शीत रंग मागे सरतात. सह्याद्रीच्या दूरच्या रांगा निळसर आणि फिक्या दिसतात, हा याचाच रोजचा पुरावा.

रंगांची संख्या कमी ठेवण्याचा सल्ला मी आग्रहाने देईन. अजिंठ्यातली बहुतेक रंगसंपदा गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुन्यासारखा पांढरा आणि काजळी यांतून उभी राहिली. त्यात बाहेरून आणलेल्या लाजवर्द या निळ्या दगडाचा रंग मोजक्याच जागी येतो आणि म्हणूनच तो लक्ष वेधतो.

माध्यमांविषयी थोडक्यात: जलरंग पारदर्शक असतो, त्यात कागदाचा पांढरा हाच सर्वांत उजळ रंग आणि काम हलक्याकडून गडदाकडे जाते. पोस्टर कलर अपारदर्शक, त्यामुळे गडदावर हलका चढवता येतो. तैलरंग सावकाश वाळतो, म्हणून कडा मऊ करायला भरपूर वेळ मिळतो.

पोत

पृष्ठभाग हाताला कसा लागेल याची डोळ्याला होणारी जाणीव म्हणजे पोत. बटाट्याची खरखरीत साल, पंचाची वीण आणि पितळेचा गुळगुळीतपणा एकाच पेन्सिलीने दाखवायचे असतात. वीण सगळीकडे काढू नये. उजेड आणि सावली यांच्या सीमेवर ती सर्वांत स्पष्ट दिसते, तिथेच थोडी सुचवावी. याखेरीज रंगाचा स्वतःचाही पोत असतो: जाड थर, सुरीने खरवडलेला भाग, कोरड्या कुंचल्याचा खडबडीत फटकारा.

अवकाश आणि रचना

चित्र काढताना रचना सर्वांत आधी ठरते, पण ती समजते मात्र वरचे सारे शब्द हाताळून झाल्यावर, म्हणून ती इथे घेतली. जाड कार्डाचे दोन काटकोनी तुकडे कापून त्यांची चौकट करावी आणि तिच्यातून मांडणीकडे पाहत चौकट लहान-मोठी, उभी-आडवी करून बघावी. प्रत्येक पर्यायाचे काडेपेटीएवढे कच्चे रेखाटन करावे, त्यात फक्त तीन छटा वापराव्यात. तांब्या बरोबर मध्यभागी आला तर चित्र स्थिर आणि गंभीर होते. डावीकडे सरकवला तर उजवी बाजू हलकी पडते आणि तिथे बटाटा किंवा त्याची पडछाया तोल सांभाळते. तोल म्हणजे दोन्ही बाजू सारख्या असणे नव्हे. लहान पण गडद, किंवा लहान पण तीव्र रंगाची वस्तू मोठ्या फिक्या वस्तूला तोलून धरते. पंचाच्या चुण्या, काठाची वळणे आणि सावल्यांच्या दिशा यांच्या पुनरावृत्तीतून लय निर्माण होते. आणि नजर जिथे प्रथम जाऊन थांबते, ते चित्राचे आकर्षणकेंद्र. दोन वस्तूंच्या कडा नुसत्या एकमेकींना टेकवू नयेत: एक तर स्पष्ट अंतर ठेवावे, नाही तर एक दुसरीच्या मागे नेऊन आच्छादन करावे, कारण आच्छादन हे खोली दाखवण्याचे सर्वांत सोपे साधन आहे.

या साऱ्या शब्दांना आपल्याकडे जुनी परंपरा आहे. कामसूत्रावरील यशोधराच्या जयमंगला टीकेत चित्राची सहा अंगे सांगितली आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य आणि वर्णिकाभंग. रूपभेदात आकारांची पारख येते, सादृश्यात दिसण्याशी असलेले साम्य आणि वर्णिकाभंगात रंगांचे मिश्रण व हाताळणी. आजच्या शालेय यादीत नसलेले अंग म्हणजे भाव, चित्रातून जाणवणारी भावना. एकाच तांब्याचे कोवळ्या उजेडातले आणि कंदिलाच्या उजेडातले अशी दोन चित्रे काढून पाहिली की त्याची जागा का राखली पाहिजे ते समजते.

इतरांच्या चित्रांसमोर

मांडणीचा अभ्यास दोन-तीनदा पुरा झाला की हेच शब्द घेऊन संग्रहालयात जावे. सातारा जिल्ह्यातील औंधचे श्री भवानी संग्रहालय यासाठी उत्तम आहे. स्वतः चित्रकार असलेल्या भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये ते उभे केले आणि तिथे राजा रविवर्मा, म. वि. धुरंधर या चित्रकारांची चित्रे एकाच ठिकाणी पाहता येतात. मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि जहांगीर कलादालन आहेत.

विषयापासून सुरुवात करू नये. प्रथम दूर उभे राहून डोळे किलकिले करावेत आणि गडद-उजळ भागांचे मोठे आकार पाहावेत. मग नजर पहिल्यांदा कुठे गेली आणि तिथे तिला कोणी नेले, रेषेने, छटेच्या विरोधाने की रंगाने, हे ठरवावे. त्यानंतर कडा, रंगांची उष्णता-शीतता, आणि जवळ जाऊन पोत. विषय, प्रसंग, पात्रे सर्वांत शेवटी. रविवर्म्यांच्या चित्रात साडीची जर आणि त्वचा यांचा पोत कसा निराळा केला आहे, हे पंचा आणि पितळ काढलेल्याला चटकन दिसते.

हाच क्रम अमूर्त चित्रासमोरही चालतो, आणि तिथे तर विषय आड येत नसल्याने तो अधिक सरळ चालतो. सय्यद हैदर रझा यांच्या बिंदूसमोर, म्हणजे त्यांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोलासमोर, आकार, तोल आणि रंगांचा विरोध हे प्रश्न थेट विचारता येतात. वासुदेव गायतोंडे आपल्या कामाला अमूर्त म्हणण्यापेक्षा वस्तुनिरपेक्ष म्हणणे पसंत करत. रोलर आणि सुरी वापरून त्यांनी रंगाचे थर चढवले आणि काढले. त्यांच्या चित्रासमोर ‘हे काय आहे’ या प्रश्नाने हाती काही लागत नाही. छटेच्या पायऱ्या किती जवळजवळ आहेत, कडा कुठे हरवल्या आहेत, वरच्या थराखालून कोणता रंग वर येतो, असे विचारले की पाहण्यासारखे इतके सापडते की अर्धा तास अपुरा पडतो.

चित्राशेजारची पट्टी मात्र पाहणे झाल्यावरच वाचावी. तिच्यावर चित्रकाराचे नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम आणि मोजमाप असते. मोजमापात बहुधा आधी उंची आणि मग रुंदी लिहितात. या पाच गोष्टी वहीत उतरवून त्यांच्या शेजारी काडेपेटीएवढ्या चौकटीत त्या चित्राचे तीन छटांतले रेखाटन करावे. ते छायाचित्रापेक्षा अधिक उपयोगी पडते, कारण पुढच्या वेळी स्वतःची मांडणी लावताना तेच उघडून समोर ठेवता येते.